विश्लेषण : जुन्या मोटारीच्या मूळ पडद्याला मागचा कॅमेरा जोडता येतो का?

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत रिव्हर्स पार्किंग सेन्सर बंधनकारक आहे. त्याआधीच्या गाड्यांना हा नियम लागू नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि योग्यता तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे २०१५ ची मोटार २०३० नंतरही रस्त्यावर असू शकते. अशा काही गाड्यांत कंपनीने बसवलेला नेव्हिगेशनचा पडदा आहे, पण मागे कॅमेरा नाही. तो जोडणे शक्य आहे का आणि जोडताना काय पाहावे?

मागचा कॅमेरा हवाच कशाला?

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावसारख्या वस्तीत पायी जाणारे, रिक्षा आणि मोटारी एकाच रस्त्याने जातात. लहान मूल मागच्या काचेच्या पातळीपेक्षा खाली असते, त्यामुळे ते आरशातही दिसत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१४ मधील अंदाजानुसार, मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून तिथे वर्षाला सरासरी २१० जणांचा मृत्यू होत असे. त्यांत ३१ टक्के मुले पाच वर्षांखालची होती. मे २०१८ पासून तिथे नव्या मोटारींत कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे २०१९ पूर्वीच्या गाड्यांसाठी अशी सक्ती नाही, त्यामुळे हा निर्णय मालकावरच येतो.

जुना पडदा कामाचा आहे का?

या पडद्यांतील नकाशे आता जुने झाले असून बहुतेक चालक रस्ता मोबाइलवर शोधतात. पडदा मात्र चांगला असतो, तेव्हा तो काढून टाकण्याची घाई नको. आधी त्याच्या मागच्या जोडणीत कॅमेऱ्यासाठी जागा आहे का, ते तपासावे. एकाच मॉडेलच्या महागड्या प्रकारात कॅमेरा येत असेल, तर स्वस्त प्रकाराच्या पडद्यातही ती सोय असण्याची शक्यता असते. काही गाड्यांत ती बंद ठेवलेली असते आणि सर्व्हिस सेंटरच्या यंत्राने सुरू करावी लागते. जागाच नसेल, तर पडदा आणि मूळ यंत्रणा यांच्यामध्ये इंटरफेस बॉक्स बसवावा लागतो. खर्च वाढतो तो इथे. कॅमेरा त्या मानाने स्वस्त असतो.

चित्र हलते किंवा काळेपांढरे दिसते, ते का?

बहुतेक वेळा कॅमेरा आणि पडदा यांची भाषा जुळलेली नसते. जुने पडदे सहसा साधा ॲनालॉग सिग्नल घेतात. त्यातही पाल आणि एनटीएससी अशा दोन पद्धती आहेत. नवा ‘एएचडी’ कॅमेरा जुन्या पडद्यावर चालेलच असे नाही. खरेदीपूर्वी दुकानदाराकडून हे नक्की करून घ्यावे. मागचा कॅमेरा आरशासारखे उलटे चित्र देणारा हवा. तसा नसेल, तर डावीकडचा माणूस पडद्यावर उजवीकडे दिसेल.

बसवताना काय सांभाळावे?

कॅमेऱ्याला वीज सहसा रिव्हर्सच्या दिव्यातून दिली जाते. गिअर टाकल्याची खूण पडद्याला वेगळ्या तारेने मिळते. ज्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाचे नियंत्रण असते, तिथे थेट जोडणीने चित्र लुकलुकते. अशा वेळी रिले किंवा फिल्टर लागतो. मूळ वायरिंग कापून नुसती चिकटपट्टी गुंडाळणे धोक्याचे. सैल जोड तापतो आणि शॉर्ट सर्किट होऊ शकते. तयार कपलर आणि फ्यूज यांचा आग्रह धरावा. डिकीच्या झाकणातून तार नेताना मूळ रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर कर्जतच्या पावसाळ्यात तिथून पाणी आत शिरेल. कॅमेरा किमान ‘आयपी ६७’ दर्जाचा असावा. गिअर टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आले पाहिजे, हा अमेरिकी निकष गाडी ताब्यात घेतानाच तपासता येतो.

कायदा आणि नंबरप्लेटचे काय?

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. कॅमेऱ्याने इंजिन, रंग, इंधन किंवा आसनसंख्या बदलत नाही. अडचण येते ती नंबरप्लेटशी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. तिचे कुलूप एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे प्लेटच्या चौकटीत बसणारा कॅमेरा टाळावा. प्लेटच्या वरच्या दिव्याजवळ किंवा डिकीच्या मुठीजवळ बसणारा निवडावा. त्याने एकही अंक झाकला जाऊ नये. कारखान्यात न बसवलेल्या अशा वस्तूला विम्याचे संरक्षण हवे असेल, तर पॉलिसीत तिची वेगळी नोंद करावी लागते.

कॅमेरा बसवला की काळजी मिटली?

नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासांत कॅमेऱ्यामुळे मागचा न दिसणारा भाग सरासरी ९० टक्क्यांनी घटला. मागे येतानाचे अपघात मात्र सुमारे १७ टक्क्यांनीच कमी झाले. पडद्यावर दिसणे आणि चालकाने वेळेत पाहणे यांत हे अंतर आहे. सावलीतले मूल पडद्यावर उठून दिसत नाही, बाजूने धावत येणारे क्षणात समोर येते. पावसाळ्यात भिंगावर चिखल आणि थेंब साचतात. भिंग रोज फडक्याने पुसले नाही, तर पडद्यावर नुसता धूसर डाग दिसतो. म्हणून अंगणातून गाडी काढताना तिच्यामागे एक फेरी मारणे आणि लहान मुलांना कुणाच्या तरी हाताशी धरून ठेवणे, या सवयी कॅमेरा आला तरी सोडता येणार नाहीत.