जुना संगणक आणि परका कारभारी



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा शाळेत आठ-दहा वर्षांचा एखादा संगणक असेल. यंत्र ठणठणीत, पण ते चालवणारी कार्यप्रणाली जुनी झालेली. 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. 'विंडोज ११' साठी निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय लागते. अनेक जुन्या यंत्रांत ती नसते. या बदलामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ साली केला होता.

अशा वेळी कोणी मित्र पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि म्हणतो, "ही हलकी विंडोज टाक, बघ कसा पळतो ते!"

या हलक्या आवृत्त्या मूळ कंपनीच्या नसतात. कोणी हौशी जाणकार मूळ विंडोजमधील नको असलेले भाग कापून त्या तयार करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली 'टायनी११' ही त्यांतली प्रसिद्ध. २ जीबी रॅम आणि ८ जीबी जागेत ती चालते. तेव्हा फायदा खोटा नाही. पडून राहिलेले यंत्र कामाला लागते, पैसे वाचतात, कचरा कमी होतो.

मग अडचण कोठे आहे? कार्यप्रणाली हा संगणकाचा कारभारी आहे. प्रत्येक किल्ली, प्रत्येक परवलीचा शब्द त्याच्या हातून जातो. जून २०२३ मध्ये 'डॉक्टर वेब' या कंपनीला विंडोज १० च्या काही अनधिकृत प्रतींत चोर प्रोग्रॅम आढळला. तो संगणक सुरू करणाऱ्या विभागातच दडला होता आणि त्याने सुमारे १९ हजार डॉलरचे आभासी चलन लांबवले होते.

तुम्ही म्हणाल, "आपण विषाणूरोधक प्रोग्रॅम चालवून तपासू." व्हर्निअर कॅलिपरची शून्यांक त्रुटी आठवा. सदोष कॅलिपरने शंभर वेळा मोजले तरी शंभरही वाचने तितकीच चुकतात. त्याची परीक्षा बाहेरच्या प्रमाणाशी ताडूनच करावी लागते. तपासणारा प्रोग्रॅम कारभारी दाखवील तेवढेच पाहतो. कारभारीच फितूर असेल तर त्याच्या साक्षीला काय किंमत? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हेच दाखवून दिले होते. स्वतः न लिहिलेल्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवणे म्हणजे अखेर तो लिहिणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवणे होय.

दुसरा धोका कापण्यातूनच येतो. 'टायनी११'च्या 'कोअर' या आणखी छाटलेल्या प्रकारात सुरक्षा-सुधारणा बसवण्याची यंत्रणाच राहत नाही. ती रोजच्या वापरासाठी नाही, असे तिचा कर्ताच सांगतो. शिवाय कोणीतरी बदललेली विंडोज वाटणे परवान्यात बसत नाही, हेही विसरू नये.

माझे मत असे आहे. शिकण्यासाठी, आंतरजालाला न जोडलेल्या यंत्रावर असा प्रयोग करायला हरकत नाही. तोही करायचा तर तयार प्रत घेऊ नका. मूळ विंडोजची प्रत कंपनीकडूनच घ्या आणि काटछाट करणारी उघडी आज्ञावली स्वतः वाचून चालवा. काय कापले हे निदान तुम्हाला कळेल. पण ज्या संगणकावर वडील बँकेचे व्यवहार करतात किंवा ताई परीक्षेचा अर्ज भरते, तेथे परका कारभारी नको.

तेथे लिनक्स बसवा. ती मोफत आहे, तिची आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि 'लुबंटू'सारखे तिचे हलके प्रकार जुन्या यंत्रांवर चालतात. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' ही लिनक्स भारतीय भाषांसाठी तयार केली आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता लिनक्स आधी पाहता येते. सवय व्हायला आठवडाभर लागेल, एखादा ओळखीचा प्रोग्रॅम मिळणार नाही. पण जुने यंत्र वाचेल आणि किल्ल्याही आपल्याच हाती राहतील.