टॉवर नको, पण पोरांनी राहायचं कुठे?

येत्या ७ मे २०२६ ला लंडनच्या सगळ्या ३२ बरोंमध्ये काउन्सिलच्या निवडणुका आहेत. एरवी या निवडणुकांकडे आपली मंडळी ढुंकूनही बघत नाहीत. 'कचऱ्याचे डबे वेळेवर उचलले गेले की झालं' इतकाच आपला आणि काउन्सिलचा संबंध. पण आमच्या पश्चिम लंडनच्या भागात दारात पडणाऱ्या पत्रकांवर या वेळी कचऱ्याच्या आधी घरांचा विषय आहे. नवी घरं कुठे बांधायची, किती मजली बांधायची आणि कोणासाठी?

आमच्याकडे निमित्त झालं ते एका सुपरमार्केटच्या कार पार्कचं. तिथे काही टॉवर उभे करण्याचा प्रस्ताव आहे. दिव्याच्या खांबावर प्लॅस्टिकमधला तो कागद लागला आणि आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. २०००-२००५ च्या सुमारास आलेले, सेमी-डिटॅच्ड घर घेऊन मागे मेथी-कोथिंबीर लावणारे एका बाजूला: 'पार्किंगचं काय? जीपीची अपॉइंटमेंट आत्ताच मिळत नाही.' दुसऱ्या बाजूला गेल्या पाच-सात वर्षांत आलेली पोरं. एका खोलीच्या फ्लॅटसाठी पगाराचा निम्मा हिस्सा घरमालकाला देणारी. त्यातल्या एकाने लिहिलं, 'काका, तुम्ही आलात तेव्हा तुमच्यासाठी कोणीतरी जागा केली होतीच ना?' त्यावर दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकून विषय बदलला.

या भांडणात दोन्ही बाजूंना इथली व्यवस्था नीट ठाऊक नाही, असं मला वाटतं. आपण मुंबई-पुण्याच्या हिशेबाने विचार करतो. तिथे चटईक्षेत्र, म्हणजे एफएसआय, हा आकडा असतो. प्लॉट एवढा, रस्ता एवढा रुंद, म्हणजे बांधकाम एवढं. पुढची मारामारी टीडीआर आणि प्रीमियमची. सामान्य माणसाला बोलायची खरी संधी येते ती विकास आराखडा तयार होताना. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा आठवत असेल. काही स्टेशनांभोवती आठपर्यंत एफएसआय सुचवला होता, आरे कॉलनीचा प्रश्न होता. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि २०१५ मध्ये तो मसुदा रद्द करून नव्याने काम करावं लागलं.

इंग्लंडमध्ये असा ठरावीक आकडा नाही. १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने इथे एक मोठी गोष्ट केली. जमीन तुमची राहिली, पण त्यावर बांधायचा हक्क तुमचा राहिला नाही. तो परवानगीने मिळतो. काउन्सिल आपला 'लोकल प्लॅन' करते, पण प्रत्येक मोठा प्रस्ताव त्या प्लॅनशी आणि इतर बाबींशी ताडून स्वतंत्रपणे ठरतो. म्हणूनच एका टॉवरमागे वर्ष-दोन वर्षं चर्चा चालते, आणि म्हणूनच तुमच्या एका पत्राला अर्थ असतो. अर्थात पत्रात काय लिहिता यावर.

आपल्या ग्रुपवरच्या हरकतींपैकी निम्म्या तरी थेट बाद होणाऱ्या आहेत. 'आमच्या घराची किंमत पडेल' हे कारण प्लॅनिंगमध्ये धरतच नाहीत. 'खिडकीतून दिसणारा देखावा जाईल' हेही नाही. बिल्डर कसा आहे, त्याला नफा किती होईल, तिथे कोण राहायला येईल, यातलं काहीच चालत नाही. चालतं ते हे: घरात येणारा उजेड अडणं, थेट घरात डोकावलं जाणं, वाहतूक, पार्किंग, आवाज, पुराचा धोका, शाळा-दवाखान्यांवरचा ताण आणि प्रस्ताव लोकल प्लॅनच्या विरोधात जाणं. मुदत साधारण २१ दिवसांची असते. पत्र लिहायला ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही. व्हिसावर असलेला, भाड्याने राहणारा, कोणीही लिहू शकतो. आणि समर्थनाचं पत्रही लिहिता येतं, हे त्या पोरांपैकी एकालाही माहीत नव्हतं! काउन्सिलच्या फाइलमध्ये मग फक्त विरोधच जमा होतो, कारण ज्यांना घर हवं आहे ते अजून तिथे राहत नसतात.

पण माझ्या मते मजल्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. टॉवर झाला तर त्यातली घरं कोणाला मिळणार?

इथे मोठ्या प्रकल्पाला परवानगी देताना काउन्सिल बिल्डरशी 'कलम १०६' खाली करार करते. त्यात शाळा, रस्ते, बाग यांच्यासाठी पैसे आणि काही घरं 'अफोर्डेबल' देण्याची हमी असते. हा शब्द जपून वाचा. 'सोशल रेंट' म्हणजे जुन्या काउन्सिल घरासारखं, बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपासचं भाडं. 'अफोर्डेबल रेंट' बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. लंडनच्या बाजारभावाचे ८० टक्के कोणाला परवडतात, हा हिशेब तुम्हीच करा. शिवाय बिल्डरकडे एक हुकमाचा पत्ता असतो: 'व्हायेबिलिटी'. एवढी स्वस्त घरं दिली तर प्रकल्प परवडत नाही, असा ताळेबंद तो मांडतो. सरकारच्याच मार्गदर्शनानुसार विक्रीमूल्याच्या १५ ते २० टक्के नफा हा बिल्डरचा रास्त परतावा धरला जातो. तो बाजूला काढून उरलं तर स्वस्त घरं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे दक्षिण लंडनमधली, साउथवर्क काउन्सिलची हेगेट वसाहत. एलिफंट अँड कॅसलला १९७४ मध्ये पूर्ण झालेली, सुमारे १,२०० घरांची. 'रीजनरेशन' म्हणून रिकामी केली, पाडली, जागा लेंडलीज कंपनीला ५ कोटी पौंडांना दिली. वसाहत रिकामी करण्यातच काउन्सिलचे सुमारे ४.४ कोटी पौंड गेल्याचं नंतर बाहेर आलं. नव्या सुमारे अडीच हजार घरांमध्ये सोशल रेंटची घरं ठरली ८० च्या आसपास. ज्यांनी तिथले फ्लॅट विकत घेतले होते त्यांच्यावर सक्तीच्या खरेदीची पाळी आली, आणि मिळालेल्या पैशांत त्याच भागात घर घेणं अनेकांना जमलं नाही.

माझे वडील लालबागच्या मिलमध्ये होते, त्यामुळे हे वाचताना मला परळच आठवतं. १९९१ च्या नियमांत गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागायची होती: एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियमाचे शब्द बदलले आणि वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. पुढे लोअर परळचं काय झालं ते आपण सुट्टीत गेलो की बघतोच. दोन्ही शहरांत जमीन गेली ती नियमांतल्या बारीक अक्षरांतून.

इथे एक व्यावहारिक सूचना. स्वस्त पडतो म्हणून आपल्यातले बरेच जण एक्स-काउन्सिल फ्लॅट घेतात. घ्या, त्यात वाईट काही नाही. पण त्या वसाहतीचं नाव काउन्सिलच्या रीजनरेशनच्या कागदांत आहे का, हे आधी तपासा. महापौरांच्या निधीतून होणाऱ्या आणि जुनी घरं पाडून होणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत २०१८ पासून रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं, त्यात तिथे राहणाऱ्या फ्लॅटमालकांनाही मत असतं. स्वतः न राहता भाड्याने दिला असेल तर मात्र चित्र वेगळं होतं.

आता ताज्या घडामोडी. सध्याच्या सरकारने या संसदेच्या काळात इंग्लंडमध्ये १५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं आहे. लंडनच्या वाट्याला वर्षाला सुमारे ८८ हजार येतात. प्रत्यक्षात लंडनमध्ये नवी कामं सुरू होण्याचं प्रमाण फार घसरलं. बांधकामाचा खर्च, व्याजदर, आणि ग्रेनफेलच्या आगीनंतर आलेले (आणि यायलाच हवे होते असे) सुरक्षेचे नियम, ही त्याची कारणं. १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींना सप्टेंबर २०२६ पासून दुसरा जिना सक्तीचा होतो आहे. यावर उपाय म्हणून गेल्या ऑक्टोबरात सरकार आणि महापौर सादिक खान यांनी एक प्रस्ताव मांडला. आतापर्यंत खासगी जमिनीवर ३५ टक्के अफोर्डेबल घरं दिली तर बिल्डरच्या ताळेबंदाची सविस्तर तपासणी टळत असे. ही पायरी काही काळापुरती २० टक्क्यांवर आणायची. युक्तिवाद असा की शून्याच्या ३५ टक्क्यांपेक्षा काहीतरीचे २० टक्के बरे. ऐकायला पटतं. पण एकदा खाली आलेली पायरी पुन्हा वर जाते का, याबद्दल मला दाट शंका आहे. 'तात्पुरतं' या शब्दाचा अनुभव आपल्याला कमी नाही.

आणि जागा आहे म्हणून घर होतं असंही नाही. २०२२ मध्ये हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो या तीन बरोंमधल्या बिल्डरांना कळवलं गेलं की काही ठिकाणी नव्या मोठ्या जोडण्यांसाठी वीज कदाचित २०३५ पर्यंत मिळणार नाही. कारण? एम-४ च्या बाजूने उभी राहिलेली डेटा सेंटर्स. नंतर तडजोडीचे मार्ग निघाले, पण आयटीतल्या आपल्या पोरांना घर न मिळण्यात त्यांच्याच धंद्याच्या यंत्रांचा हात असावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

माझं मत विचाराल तर आमच्या कार पार्कवर घरं व्हायला हवीत. स्टेशन सात मिनिटांवर आहे, गाड्या उभ्या करण्यापलीकडे त्या जागेचा काही उपयोग नाही. मी हरकत घेतलेली नाही. समर्थनाचं पत्र दिलं आहे, पण अटींसह. सोशल रेंटची घरं किती याचा आकडा करारात हवा, दवाखान्याची जागा पहिल्या टप्प्यात हवी, आणि लहान फ्लॅटांच्या गर्दीत तीन बेडरूमची काही घरं हवीत. वेम्बली पार्कला स्टेडियमभोवती नवं शहरच उभं राहिलं आहे, त्यातला मोठा भाग कायम भाड्यानेच द्यायचा आहे. तरुण जोडप्याला ते ठीक. पण आजी-आजोबा सहा महिने राहायला आले की त्यांनी कुठे झोपायचं? ग्रुपवरच्या सेमी-डिटॅच्डवाल्या मित्रांना माझं पत्र आवडलेलं नाही, हे सांगायला नकोच.

मतदानाबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच दूर करतो. कायदेशीर व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, काउन्सिलच्याच नव्हे तर संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. ७ मे च्या मतदानासाठी नाव नोंदवण्याची शेवटची तारीख २० एप्रिल आहे. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, फोनवरचा ई-व्हिसा चालत नाही. उमेदवार दारात आला तर त्याला कचऱ्याबद्दल विचाराच, पण प्लॅनिंग कमिटीवर बसणार का आणि व्हायेबिलिटीचे कागद वाचतो का, हेही विचारा. आमच्याकडे परवा आलेल्या एकाला मी विचारलं. त्याने वहीत माझा पत्ता लिहून घेतला आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली.