क्लास वेगळा म्हणजे नक्की काय वेगळं?

ज्यांनी टेबलावरचा रोलप्लेइंग गेम कधी खेळलेला नाही, त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम होतो, म्हणजे जग त्याचं आणि त्यातली संकटंही त्याचीच. बाकीचे एकेक पात्र घेतात. त्या पात्राचा पेशा म्हणजे 'क्लास' (जावामधला नव्हे, आणि दहावीचा तर नव्हेच नव्हे!). योद्धा, जादूगार, चोर, पुरोहित वगैरे.

आता मुद्दा. डंजन्स अँड ड्रॅगन्स थोडं अंगात मुरलं की प्रत्येक डीएमला स्वतःचे क्लास बनवायची हुक्की येते. साहजिक आहे. पण हे घरगुती क्लास वाचले की बऱ्याचदा एकच गोष्ट दिसते. एक 'अग्नियोद्धा' असतो, तो आठ बाजूंच्या फाशाइतकी आगीची इजा करतो. मग एक 'हिमयोद्धा' असतो, तो तेवढीच इजा थंडीने करतो. दोघांची वर्णनं पानपानभर, चित्रं झकास. पण खेळायला बसलं की दोघं तेच करतात: पुढे जा, फासा टाक, आकडा सांग. आपल्या भाषेत सांगायचं तर हे दोन क्लास नाहीत, एकाच फंक्शनला दिलेले दोन पॅरामीटर आहेत.

माझं मत सरळ आहे. क्लासला काय 'येतं' यावरून तो वेगळा ठरत नाही. आपला टर्न आला की त्या खेळाडूला कोणता प्रश्न पडतो, यावरून ठरतो. दोन क्लासना एकच प्रश्न पडत असेल तर त्यातला एक उडवा.

ही कसोटी जुन्या नियमांना लावून बघा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा क्लास होते फक्त तीन: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. एक! त्यामुळे दर दारापाशी त्याच्यासमोर प्रश्न उभा: आत्ता वापरू की राखून ठेवू? लढवय्याला हा प्रश्नच नाही, त्याची तलवार काही संपत नाही. त्याचा प्रश्न असा की अजून किती वेळ पुढे उभा राहू? पुरोहिताची जन्मकथा तर अशी सांगतात की आर्नसनच्या ब्लॅकमूरमध्ये एक खेळाडू व्हँपायर होऊन सगळ्यांना भारी पडायला लागला, त्याला आवरायला हे पात्र आणलं. म्हणजे आधी गरज, मग क्लास. रिक्वायरमेंट आधी, कोड नंतर. (आपल्याकडे किती प्रोजेक्टमध्ये असं होतं, ते सोडा.)

१९७५ मध्ये चोर आला आणि एक मजेशीर गोची झाली. तोपर्यंत कुणीही 'मी खांबामागे लपतो' म्हणायचं आणि डीएम काय ते ठरवायचा. आता लपणं हे चोराचं अधिकृत कौशल्य झालं, त्याला टक्केवारीचा तक्ता आला. त्यामुळे बाकीच्यांना लपता येतं की नाही, अशी शंका निघाली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या पहिल्या लेव्हलच्या चोराची लपायची शक्यता १९७८ च्या पुस्तकात किती? १० टक्के! म्हणजे सगळ्यांकडे असलेली गोष्ट काढून एकाला दिली आणि त्यालाही धड दिली नाही. एका क्लासला परवानगी देताना आपण बाकीच्यांची काढून घेतो, हे नवा क्लास लिहिणाऱ्याने भिंतीवर चिकटवून ठेवावं.

दुसरं टोक म्हणजे २००८ ची चौथी आवृत्ती. तिसऱ्या आवृत्तीत मंत्रवाले वरच्या लेव्हलला डोईजड व्हायचे. ड्रुइडचा पाळलेला प्राणीच आमच्या फायटरचं काम करतो, ही तेव्हाची नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणून चौथ्या आवृत्तीने प्रत्येकाला सारखा साचा दिला: काही शक्ती हव्या तेव्हा, काही दर लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल खरंच साधला. फायटरने शत्रूवर खूण करायची आणि त्या शत्रूने दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर त्याला भुर्दंड, ही कल्पना तर मला आजही फार आवडते. पण योद्धा असो वा जादूगार, 'दिवसाची शक्ती आत्ता काढू का?' हा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडायला लागला. सगळे क्लास एकसारखे वाटतात, अशी ओरड झाली ती उगाच नव्हे. सारखेपणा शक्तींच्या यादीत नव्हता, खेळण्याच्या लयीत होता.

२०१४ ची पाचवी आवृत्ती इथे बरीच शहाणी निघाली. रोगचा वर्मी वार टर्नमध्ये एकदाच लागतो आणि तो लागायला काहीतरी वरचढपणा हवा, किंवा शत्रूला खेटून साथीदार तरी हवा. म्हणून रोग खेळणारा सतत बघतो की कोण कुठे उभं आहे. बार्बेरियन दुसऱ्या लेव्हलपासून बेफाम हल्ला करू शकतो: त्याचे वार सहज लागतात, पण पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावरचेही. त्याचा प्रश्न एवढाच, की किती मार खायची तयारी आहे? वॉरलॉककडे मंत्र मोजून दोन, पण तासाभराच्या विश्रांतीत परत मिळतात. विझर्डला मात्र बहुतेक मंत्रांसाठी रात्रभर झोपावं लागतं. म्हणून वॉरलॉक म्हणतो 'जरा टेकू या', विझर्ड म्हणतो 'आज अजून किती दारं आहेत?', आणि टेबलावर खरी चर्चा सुरू होते. दोघंही मंत्रवालेच, पण एकाला दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही.

याच पुस्तकातला चॅम्पियन फायटर मात्र माझ्या कसोटीवर नापास. त्याला जोरदार फटका विसाऐवजी एकोणीसलाही बसतो. छान, पण यात खेळाडूने ठरवायचं काय? जे काही होतं ते फासा करतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की काही लोकांना सोपंच पात्र हवं असतं. अगदी मान्य. आठवडाभर प्रॉडक्शन इश्यूंशी झटापट करून आलेल्या माणसाला चाळीस मंत्रांची यादी देऊ नये. पण सोपं म्हणजे रिकामं नव्हे. बार्बेरियनसुद्धा सोपाच आहे की! दर टर्नला हो किंवा नाही, एवढाच एक प्रश्न. तरीही तो प्रश्न त्याचा स्वतःचा आहे.

वेगळी वाट बघायची असेल तर जॉन हार्परचा २०१७ चा ब्लेड्स इन द डार्क बघा. त्यात लपणं, लढणं, थापा मारणं सगळ्यांनाच खुलं. पण 'कटर' या पात्राला अनुभवाचे गुण मिळतात ते हिंसेने किंवा धाकाने अडचण सोडवली की, आणि 'स्लाइड'ला फसवणुकीने किंवा वजन वापरून. म्हणजे क्लास इथे कुणाला अडवत नाही, फक्त ओढ लावतो. चोराच्या तक्त्याने झालेली गोची इथे होतच नाही.

इतकं डोकं का लावायचं, खेळच तर आहे? तर हिशोब करा. नोकरी, ट्रॅफिक, घरचं सगळं सांभाळून पाच जणांच्या शनिवारच्या संध्याकाळचे चार तास जुळतात. लढाईत एक फेरी फिरून यायला आमच्याकडे पंधरा मिनिटं सहज जातात. पंधरा मिनिटं थांबून एखाद्याच्या वाट्याला 'मी मारतो, चौदा' एवढंच येत असेल, तर तो आधी मोबाईल काढतो, मग उशिरा यायला लागतो, मग 'या वेळी नाही जमणार रे' असा मेसेज येतो. भांडण होऊन ग्रुप फुटतात त्यापेक्षा असे विरून गेलेले मी जास्त पाहिलेत.

म्हणून पुढचा क्लास लिहायच्या आधी एक करा. नाव, चित्र, कुळकथा, सगळं बाजूला ठेवा आणि एका ओळीत लिहा: हा खेळाडू त्याच्या टर्नला कशाचा विचार करेल? ओळ सुचली नाही तर क्लास अजून तयार नाही. दुसऱ्या कुणाची ओळ निघाली तर त्याच क्लासला एक पर्याय म्हणून जोडून द्या, काही बिघडत नाही. आणि ओळ सापडली, तर शक्तींची यादी निम्मी केलीत तरी चालेल. बाकीचं खेळाडू टेबलावर स्वतःच शोधून काढतात.