एका पाण्याला तीन जिल्हाधिकारी

आमचं शेत कळंब तालुक्यात, मांजरा धरणाच्या फुगवट्यावर. समोरचा काठ केजचा, म्हणजे बीड जिल्हा. धनेगावची भिंतही तिकडेच, आणि पाणी जातं खाली लातूरला. धरणाचं काम निघालं तेव्हा लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं. 1982 ला ते वेगळं झालं आणि एका पाण्याला तीन जिल्हाधिकारी झाले.

पाऊसकाळ चांगला असला की सगळे सोयरे. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी मागं सरतं, मग पाईप जोडत जोडत मोटार पुढं न्यायची. आणखी हटलं की पोकलेन लावून चर खोदायचा. समोरच्यांचा चर हातभर खोल गेला की आम्ही पुन्हा पोकलेन बोलावतो. शिवीगाळ होते ती ज्यांच्या घरी आमच्या पोरी दिल्यात त्यांच्याशीच.

टंचाईत पिण्यासाठी पाणी राखतात, उपसाबंदी येते. तिला माझा विरोध नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यानंतर उसासाठी भांडायला तोंड उरत नाही, आणि ऊस माझ्याही रानात आहे. पण बंदी दोन्ही काठांवर एकाच दिवशी लागावी की नाही? आमच्या डीपीची वीज तुटते त्या रात्री समोरच्या मोटारी चालू असतात. कधी उलटंही होतं.

नगर-नाशिकनं जायकवाडीला पाणी सोडावं म्हणून मराठवाडा भांडला. जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांहून कमी असला तर वरून पाणी सोडायचं, हा नियमही जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशानं आला. तेव्हापासून ‘समन्यायी वाटप’ आमच्या पुढाऱ्यांच्या तोंडपाठ आहे. मांजरेवर मात्र कुणी त्याचं नाव काढत नाही. इथं दोन्ही काठांना आपलेच मतदार.

पाणी वापर संस्थांचा कायदा 2005 पासून आहे. फुगवट्यावरच्या मोटारवाल्यांची, दोन्ही काठांची मिळून, एकच संस्था करा. 15 ऑक्टोबरला साठा मोजून पिण्याचं पाणी बाजूला काढा. उरलेल्यात मोटार किती तास चालेल आणि ऊस किती एकर निघेल, ते दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लिहा. कारखान्यांना हे रुचणार नाही, कबूल. पण सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीतली. बेणं विकत घेण्याआधी शेतकऱ्याला आकडा कळला, तर मे महिन्यात पोकलेनचं भाडं तरी वाचेल.