पडू न दिलेले आणि पाडलेले

परक्या नगरीत गेलेला प्रवासी तेथील उंच इमारती, बाजार व उद्याने पाहतो. परंतु जपान व कोरिया या शेजारी देशांत हिंडताना आणखी एक गोष्ट मनात भरते. एखाद्या नगरीने कोणती वास्तू जाणूनबुजून जतन केली आणि कोणती जाणूनबुजून पाडली, यावरून तिच्या अंतःकरणाचा थांग लागतो.

हिरोशिमा येथे मोतोयासु नदीच्या काठी विटांची एक भग्न इमारत उभी आहे. तिच्या घुमटाचा केवळ लोखंडी सांगाडा उरला आहे. यान लेत्झेल या चेक वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १९१५ साली बांधलेले हे प्रदर्शनगृह. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अणुबाँबचा स्फोट जवळजवळ त्याच्या माथ्यावरच झाला. युद्धानंतर अनेक नागरिकांना वाटे की, दुःखाची ही खूण डोळ्यांसमोर नको. अखेर १९६६ साली नगरसभेने ती कायम राखण्याचा ठराव केला. आज भिंतींना आतून पोलादी आधार दिलेले दिसतात. पडके ते पडकेच राहावे, पण अधिक ढासळू नये, यासाठी केवढी ही काळजी!

जवळच्याच शांति-उद्यानात दगडी कासवाच्या पाठीवर उभारलेला एक स्मृतिस्तंभ आहे. तो अणुस्फोटात मरण पावलेल्या कोरियन लोकांचा. १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर जपानची सत्ता होती आणि सक्तीच्या मजुरीसाठी आणलेले कित्येक कोरियन त्या दिवशी हिरोशिमात होते. १९७० साली हा स्तंभ उभारला गेला तो उद्यानाच्या बाहेर. आत यावयास त्याला १९९९ साल उजाडावे लागले. मृतांच्या स्मरणातही आपला-परका हा भेद कसा शिरतो, ते येथे उमगते.

त्या स्तंभानेच जणू पुढची वाट दाखविली. फुकुओकाच्या बंदरातून बोटीने बुसान आणि तेथून जलद आगगाडीने सेऊल गाठले. सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यापुढे आज मोकळे, प्रशस्त अंगण दिसते. याच जागी १९२६ साली जपानी राज्यकर्त्यांनी राजसभागृह झाकून टाकणारी आपली भव्य कचेरी बांधली होती. स्वातंत्र्यानंतर तीत सरकारी कचेऱ्या व पुढे राष्ट्रीय संग्रहालय होते. ती राखावी की पाडावी, यावर कोरियन लोकांतही मोठा वाद झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तिचा कळस उतरविण्यात आला आणि पुढील वर्षी ती पूर्णपणे नाहीशी झाली.

हिरोशिमाने भग्नावशेष जपला, सेऊलने धडधाकट इमारत पाडली. एकाने योग्य केले आणि दुसऱ्याने चूक, असे म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. एकीकडे स्वतःच्या घरावर कोसळलेल्या संकटाची खूण होती; दुसरीकडे आपल्याच अंगणात उमटलेला परसत्तेचा शिक्का होता.

पाडलेल्या इमारतीचे अवशेष मात्र कोरियाने फेकून दिले नाहीत. सेऊलच्या दक्षिणेस चेओनान येथील स्वातंत्र्य-संग्रहालयाच्या आवारात, मावळतीच्या बाजूस, ते मांडून ठेवले आहेत. कळस एका खोलगट जागेत आहे. एकेकाळी मान वर करून पाहावा लागणारा तो कळस आता वरून खाली पाहावा लागतो. हिरोशिमाचा घुमट पाहिलेल्या प्रवाशाने वाट थोडी वाकडी करून हेही स्थळ अवश्य पाहावे. मुले बरोबर असतील तर ती प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे सावकाश द्यावीत.