शांततेचे ओझे कोणी वाहावे?

ज्या गावात मोटार नाही ते गाव सुखी, अशी भावना शहरी माणसाच्या मनात दृढ होत आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर जीव मुठीत धरून चालणाऱ्याला तसे वाटले तर नवल नाही. परंतु असे गाव प्रत्यक्षात चालते कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर रायगड जिल्ह्यातील माथेरानात सापडते.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे १८५० साली हा डोंगर प्रकाशात आला आणि १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर पोहोचली. मोटारींना मात्र दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. येथील तांबड्या मातीच्या वाटांवर मूल आईचा हात सोडून धावू शकते आणि वृद्धांना मोटारीच्या भीतीने मागे वळून पाहावे लागत नाही. हे वैभव लहान नव्हे.

तथापि मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे होत नाही. धान्याची पोती, गॅसची सिलिंडरे, पर्यटकांचे सामान, आजारी माणूस, हे सारे कोणाला तरी वाहून न्यावेच लागते. माथेरानात ते घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी नेले. परवाना असलेल्या हातरिक्षा ९४ होत्या. चढावर रिक्षा ओढताना माणसाला धाप लागे आणि आत बसलेला प्रवासी वनश्री न्याहाळीत असे. पाहुण्यांना लाभलेल्या शांततेची किंमत या माणसांच्या छातीने मोजली, हे मान्य केले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रयोगाला अनुमती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध होता. आज ई-रिक्षा आली, उद्या मोटार येईल, अशीही शंका घेतली जाते. या दोन्ही गोष्टी उडवून लावण्यासारख्या नाहीत. पण त्यावरचा उपाय माणसाला जुंपून ठेवणे हा नसून, वाहनांची संख्या ठरवून देणे, घोडेवाल्यांच्या पोटापाण्याचा विचार करणे आणि दस्तुरीची सीमा कसोशीने पाळणे हा आहे.

स्वित्झर्लंडमधील झेरमाटने हीच वाट धरली. इंधनावर चालणारी मोटार पाहुण्यांना पाच किलोमीटर अलीकडे टॅश येथे ठेवावी लागते. पुढचा प्रवास रेल्वेने होतो आणि गावात माणसे व सामान लहान वीजगाड्या वाहतात. तेथे चाकाला बंदी नाही. चाकाला शिस्त आहे.

आपल्या शहरांतही एखादा रस्ता वा पेठ मोटारमुक्त करण्याची कल्पना अधूनमधून पुढे येते. तिचे स्वागत अवश्य करावे. मात्र दुकानात माल कसा येईल, तिसऱ्या मजल्यावरची आजी रुग्णालयात कशी जाईल आणि हमालाच्या पाठीवर किती भार पडेल, याची व्यवस्था आधी व्हावी. ती नसेल, तर मोटारमुक्ती ही सुस्थितांची हौस ठरेल. ती असेल, तर सर्वांचा हक्क.