नाकापेक्षा कॅम जड

एकदा स्पष्टच लिहून टाकतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकचा कॅमशाफ्ट जो माणूस आवाजावरून निवडतो, तो इंजिन सुधारत नाही, बिघडवतो. आणि त्यावर उतारा म्हणून जो सैल टॉर्क कन्व्हर्टर बसवतो, त्याचं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. कोणाला राग आला तर येवो.

(इथे अमेरिकेत ट्रक म्हणजे पिकअप. टाटाचा दहा चाकी डोळ्यासमोर आणू नका.)

माझ्या ऑफिसातल्या तीन-चार जणांना जुने पिकअप दुरुस्त करायचा नाद आहे आणि शनिवारी माझाही मुक्काम त्यांच्याच गॅरेजात असतो. नेहमीचा गडी म्हणजे सत्तरच्या दशकातला शेवरले सी-१०. ३५० घनइंचाचं व्ही-८, म्हणजे ५.७ लिटर. टीएच-३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे ३.०८ चं डिफरन्शियल, २९ इंची टायर. ऑफिसला जाणं, सामान आणणं, कधीतरी मागे ट्रेलर. एवढंच त्याचं आयुष्य. आणि मालकाची पहिली मागणी काय? "सिग्नलला उभा असताना तो गडगड-गडगड आवाज आला पाहिजे."

आता हा आवाज येतो कशाने ते बघा. कॅमशाफ्ट ठरवतो व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे. हा काळ क्रँकच्या अंशांत मोजतात, व्हॉल्व्हचा लिफ्टर ०.०५० इंच उचलला गेल्यापासून. २०४ अंश म्हणजे सौम्य, २३० म्हणजे रस्त्यासाठी चांगलाच मोठा. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदमच उघडे राहतात. आयडलिंगला जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो, काही फेऱ्यांत धड ज्वलनच होत नाही, आणि इंजिन अडखळतं. तोच तो गडगडाट. म्हणजे ज्याला आपण ताकदीची गर्जना समजतो तो प्रत्यक्षात खोकला आहे! बुलेटची धडधड वेगळी. तिथे एकच सिलिंडर आहे, तो बिचारा नियमाने काम करतो.

खोकला परवडला, पण दुसरी गोष्ट परवडत नाही. मोठ्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे पिस्टन वर यायला लागला तरी हवा आत शिरत राहते. तिथे फायदाच. पण १८०० आरपीएमला तोच पिस्टन आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. त्या काळच्या ट्रकच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच ८.५ च्या आसपास. त्यातलंही गळतं. उरतं काय?

आता साधा हिशोब करू. ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. हे झालं टॉप गिअरमधलं आरपीएम. ६० च्या वेगाला ३.०८ आणि २९ इंच घातले की उत्तर येतं साधारण २१४०. आणि कॅटलॉगात त्या २३० अंशी कॅमसमोर लिहिलेलं असतं की हा २००० च्या पुढे कुठेतरी कामाला लागतो. म्हणजे साहेब हायवेवर ज्या आरपीएमला अख्खा प्रवास करणार, तिथे कॅम जेमतेम डोळे चोळत उठतोय. ५५०० ला तो फार सुंदर श्वास घेतो हो, पण तिथे तुम्ही आठवड्यातून किती सेकंद जाता? आमच्या धंद्यात याला बेंचमार्कसाठी कोड लिहिणं म्हणतात. प्रोग्राम ज्या लूपमध्ये दिवसभर फिरतो ती तशीच मंद, आणि डेमोत दाखवायचं फंक्शन मात्र सुसाट. आधी प्रोफायलर लावा ना राव!

मग येतो दुसरा शहाणा. "त्यात काय, जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर टाक."

ज्यांनी ऑटोमॅटिक उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, त्याच्या तेलाच्या झोताने दुसरा फिरतो आणि गिअरबॉक्सला हलवतो. मध्ये स्टेटर असतो, तो परतणारं तेल योग्य दिशेला वळवतो आणि गाडी उभी असताना इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करतो. गाडी धरून ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन जिथवर चढून अडतं तो स्टॉल स्पीड. मूळ ट्रकमध्ये तो साधारण १६०० ते १८००. सैल कन्व्हर्टरमध्ये ३००० सुद्धा.

सिग्नलवरून निघताना हा खरंच मदत करतो, ते नाकारत नाही. इंजिन पटकन आपल्या आवडत्या आरपीएमला पोचतं. पण नंतर? हलक्या पायाने सपाट रस्त्यावर घसरण कमी असते, शून्य नसते. आणि चढ लागला, मागे ट्रेलर असला, पाय दाबला, की दोन पंख्यांमधली घसरण वाढते आणि ती सगळी उष्णता होऊन तेलात जाते. खंडाळ्याचा घाट हाफ क्लचवर चढवणाऱ्या ड्रायव्हरला आपण काय म्हणतो? इथे तेच करायला लोक पैसे मोजतात. टीएच-३५० मध्ये बहुतेक ठिकाणी लॉक-अप क्लचही नसतो, म्हणजे घसरण थांबवायची सोयच नाही.

"हौसेला मोल नाही" असंही ऐकवतात. मान्य. ड्रॅग स्ट्रिपवर नेणाऱ्याने ३००० चा स्टॉल जरूर घ्यावा, तिथे तोच बरोबर आहे. आवाजासाठीच करायचं असेल तर तेही करा, फक्त त्याला "परफॉर्मन्स" म्हणू नका. आणि ब्रेक विसरू नका. पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. मोठ्या कॅमने आयडलिंगचा व्हॅक्यूम पडतो, आणि गर्दीत सरकताना दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाय दाबला की पेडल दगडासारखं लागतं. पुढच्या गाडीत कोणाचं तरी पोर बसलेलं असतं. त्याने तुमच्या हौसेचा हिस्सा घेतलेला नाही.

तर क्रम उलटा करा. आधी चाक, मग डिफरन्शियल, मग आरपीएम, मग कॅम, आणि कन्व्हर्टर कॅमच्या जोडीने. ३.०८ काढून ३.७३ टाकलं तर चाकाला प्रत्येक आरपीएमवर २१ टक्के जास्त टॉर्क मिळतो. असा कॅम दाखवा मला! हायवेवर आरपीएम २५९० होतं, पेट्रोल जास्त लागतं, हे खरं. मग २१८ अंशांच्या आसपासचा कॅम आणि २००० च्या थोडा वरचा स्टॉल शोभतो. पेट्रोल वाचवायचं तर १९८२ पासून आलेला ७००आर४ गिअरबॉक्स घ्या: पहिला गिअर २.५२ ऐवजी ३.०६, वर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, आणि लॉक-अपही. ६० ला आरपीएम पुन्हा १८१५ वर. पण मग कॅमही आयडलपासून ओढणाराच हवा, एडलब्रॉक परफॉर्मरसारखा २०४/२१४ अंशांचा, आणि कन्व्हर्टर मूळच्या जवळपासचा. डिफरन्शियलला हात लावायचा नसेल तर ३.०८ लाही हीच जोडी.

हा ट्रक सिग्नलला उभा असताना कोणी वळून बघणार नाही. हिरवा लागल्यावर मात्र तो जाईल.

ता. क. मोठा कॅम आधीच बसवून झाला असेल तर निदान या आठवड्यात आयडलिंगचा व्हॅक्यूम गेज लावून मोजा. कमी निघाला तर ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवा. बाकी भांडण नंतर करू.